थ्री-एम 6200 मास्क आणि गुलाबी फिल्टर: वेल्डिंग, रोलर आर्किंग, टूल ग्राइंडिंग आणि गलाईसाठी परीक्षण

थ्री-एमचा 6200 मास्क घ्यावा का, हे काम कोणते यावर ठरते. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या शेडमध्ये वेल्डिंग करणाऱ्याने तो जरूर घ्यावा. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांत चालू मिलवर रोलर आर्किंग, म्हणजे ऊस चिरडणाऱ्या रोलरच्या दातांवर वेल्डिंग, करणाऱ्यांना तर तो मिळालाच पाहिजे. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, भट्टीपुढे बसणाऱ्याला तो एकटा पुरणार नाही. आणि ऑफ-सीजनला इव्हॅपरेटरच्या, म्हणजे उसाचा रस आटवण्याच्या बंद भांड्याच्या, पोटात उतरून वेल्डिंग करणाऱ्याने फक्त त्याच्या भरवशावर राहू नये, जीव जाऊ शकतो. मास्क तोच, पण हवेत काय आहे ते प्रत्येक ठिकाणी वेगळे.

आधी वस्तू पाहू. 6200 हा नाक, तोंड आणि हनुवटी झाकणारा, मऊ रबरासारख्या इलॅस्टोमरचा, पुन्हा पुन्हा वापरायचा मास्क आहे. याच मालिकेत 6100 हे लहान माप, 6200 मध्यम आणि 6300 मोठे. दुकानदार मध्यम माप पुढे करतो म्हणून सगळ्या शेडसाठी तेच घेऊन येऊ नका. मास्कसोबत फिल्टर नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो आणि दोन्ही गालांच्या बाजूंना खूण जुळवून, पाव फेरी फिरवून, अडेपर्यंत बसवावा लागतो. श्वास आत घेण्याचे दोन व्हॉल्व्ह फिल्टरच्या मागे आणि बाहेर सोडण्याचा एक मध्यभागी असतो.

आपल्या कामाचे फिल्टर तीन. 2091 ही पातळ गुलाबी चकती. 2097 तशीच, पण तिच्यात कार्बनचा थर आहे, त्यामुळे वेल्डिंगमध्ये तयार होणारा ओझोन मर्यादित प्रमाणात अडतो. 7093 हा कडक प्लास्टिकच्या कवचातला, ठिणग्या उडणाऱ्या कामासाठी बरा. तिन्ही पी-100 दर्जाचे आहेत, म्हणजे चाचणीत 99.97 टक्के कण अडवणारे. गडद गुलाबी हा अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने पी-100 साठी ठरवलेला रंग आहे.

इथे एक शंका हमखास येते. फिल्टरची चाचणी 0.3 मायक्रॉनच्या, म्हणजे 300 नॅनोमीटरच्या कणावर होते असे सांगतात (मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग, नॅनोमीटर हा मायक्रॉनचा हजारावा). वेल्डिंगच्या धुरातले मूळ कण बरेचसे 100 नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात. मग ते आरपार जाणार नाहीत का? नाही जात, कारण फिल्टर ही चाळण नाही. मोठा कण जड असतो, हवेबरोबर वळण घेता येत नाही म्हणून तो धाग्यावर आपटतो. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भटकतो आणि भटकता भटकता धाग्याला चिकटतो. निसटायची संधी मधल्या आकाराला जास्त. साध्या धाग्यांच्या फिल्टरमध्ये हा मधला आकार 300 नॅनोमीटरच्या आसपास असतो, तर विद्युतभारित धाग्यांच्या फिल्टरमध्ये 30 ते 100 नॅनोमीटर. एन-95 च्या चाचणीत वापरतात ते मिठाचे कणही सरासरी 75 नॅनोमीटरच्या आसपासचे असतात, म्हणजे चाचणीच मुळात नॅनो आकारावर होते. तेव्हा फिल्टरची काळजी नको. काळजी आहे ती मास्कच्या कडेची.

त्याचा हिशोब असा. पी-100 फिल्टरमधून फार तर 0.03 टक्के कण आत येतात. पण अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला अमेरिकेच्या नियमांत संरक्षण गुणांक 10 दिला आहे, म्हणजे बाहेरच्या हवेतला दहावा हिस्सा, 10 टक्के, आत येतो असे धरून चालायचे. फिल्टरच्या मानाने हे 300 पटींहून जास्त झाले. एवढा फरक जवळजवळ सगळा चेहरा आणि रबर यांच्यामधल्या फटीमुळे धरलेला आहे. दोन दिवसांची दाढीची खुंटंसुद्धा ती फट उघडी ठेवतात. मिशी चालते, पण ती रबराच्या कडेखाली येता कामा नये. दाढी ठेवायचीच असेल तर हा मास्क त्या माणसासाठी नाही. त्याला बॅटरीवरच्या पंख्याने गाळलेली हवा देणारे सैल हूड लागते. त्याचा गुणांक 25 आहे आणि दाढीने तो बिघडत नाही.

मास्क घालताना आधी वरची पट्टी डोक्याच्या माथ्यावर बसवा, मग खालच्या पट्ट्या मानेमागे अडकवा, आणि चारही टोके दोन्ही बाजूंनी सारखी ओढा. एक बाजू जास्त आवळली की दुसऱ्या गालाकडे फट पडते. मग दोन तपासण्या, रोज, प्रत्येक वेळी. मधल्या व्हॉल्व्हच्या झाकणावर तळहात ठेवून हळू श्वास सोडा. मास्क किंचित फुगला आणि कडेने वारा लागला नाही तर ठीक. नंतर दोन्ही चकत्यांच्या मधल्या खोलगट भागावर अंगठे दाबून हळू श्वास आत घ्या. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहायला हवा. नाकाच्या दांड्यापाशी वारा लागला तर जागा बदला. तिथेही जमले नाही तर माप बदला.

याशिवाय वर्षातून एकदा फिट टेस्ट हवी. डोक्यावर हूड घालून आत सॅकरीनचा गोड किंवा बिट्रेक्सचा कडू फवारा सोडतात. माणूस मान फिरवतो, वाकतो, बोलतो, आणि चव लागली की समजायचे, गळती आहे. छोट्या शेडला हे सामान विकत घेणे जड जाते. पण वीस-पंचवीस मास्क एकदम घेणार असाल तर पुरवठादाराकडून फिट टेस्ट करून घेण्याची अट घाला. जो नाही म्हणेल त्याच्याकडून माल घेऊ नका.

आता एवढा खटाटोप कशासाठी, ते. एक मायक्रॉनचा धातूचा एक कण फोडून 10 नॅनोमीटरचे कण केले तर वजन तेवढेच राहते, पण कणांची संख्या 10 लाख होते आणि एकूण पृष्ठभाग 100 पट. फुप्फुसात रासायनिक क्रिया होते ती पृष्ठभागावर. 20 नॅनोमीटरच्या आसपासचे जे कण श्वासातून आत जातात, त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास थेट वायुकोशांत बसतात असे फुप्फुसाच्या गणिती प्रतिकृती सांगतात. कण साफ करणाऱ्या पेशींना हे इतके बारीक कण मोठ्या कणांसारखे नीट गिळता येत नाहीत. मँगनीजचे नॅनो कण नाकातल्या गंधाच्या मज्जातंतूवाटे मेंदूपर्यंत जातात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. मँगनीजच्या दीर्घ संपर्काने माणसांत पार्किन्सनसारखे विकार होतात हे तर फार जुने ज्ञान आहे, आणि लोखंडाच्या जवळजवळ प्रत्येक वेल्डिंग रॉडमध्ये मँगनीज असते.

हवेच्या तपासणीचा अहवाल वाचतानाही हेच ध्यानात ठेवा. अहवालात धूळ एका घनमीटरला अमुक मिलिग्रॅम असा आकडा येतो. तो वजनाचा आकडा आहे, आणि नॅनो कणांना वजन जवळजवळ नसतेच. म्हणून नायॉशने 2011 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसाठी दोन मर्यादा सुचवल्या: बारीक पावडरसाठी घनमीटरला 2.4 मिलिग्रॅम, अतिसूक्ष्मासाठी 0.3. पदार्थ तोच, फक्त कण लहान, आणि मर्यादा आठ पटींनी कडक. 100 नॅनोमीटरपर्यंतच्या चांदीसाठी 2021 मध्ये सुचवलेली मर्यादा 0.9 मायक्रोग्रॅम आहे. मिलिग्रॅम नव्हे, त्याचा हजारावा भाग.

निकेलची दोन प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत आणि धातूच्या पावडरीशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवीत. आर्क पद्धतीने टर्बाइनच्या बेअरिंगवर निकेल फवारणारा 38 वर्षांचा एक कामगार सुमारे दीड तास मास्कशिवाय काम करत होता. तेराव्या दिवशी तो श्वसन निकामी होऊन मरण पावला. त्याच्या फुप्फुसातल्या पेशींत 25 नॅनोमीटरपेक्षा लहान निकेलचे कण सापडले. दुसरे प्रकरण 26 वर्षांच्या रसायनतज्ज्ञ तरुणीचे. तिने उघड्या टेबलावर निकेलची नॅनो पावडर एका वेळी एक-दोन ग्रॅम एवढीच मोजली होती. आधी घसा खवखवणे, नाक चोंदणे, चेहरा लाल होणे, आणि पुढे कानातल्यांची नि पट्ट्याच्या बक्कलचीही ॲलर्जी. झिजलेल्या शाफ्टवर धातूचा थर फवारण्याचे काम जिथे चालते तिथे 6200 हा मुख्य उपाय म्हणून चालणार नाही. तिथे बंद बूथ, ओढणारा एक्झॉस्ट आणि हवा पुरवणारे हूड हवे.

रोलर आर्किंगकडे वळू, कारण आपल्या भागातले सर्वांत वाईट धुराचे काम बहुधा हेच. गळीत हंगामात मिल चालू असतानाच, उसाच्या रसाने ओल्या झालेल्या रोलरच्या दातांवर क्रोमियम भरपूर असलेल्या रॉडने वेल्डिंगचे ठिपके टाकत जातात, म्हणजे दात खरखरीत राहून ऊस पकडतात. वेल्डर रोलरवर वाकलेला असतो, आणि धुराचा लोट सरळ त्याच्या तोंडावर येतो. त्यात मँगनीज असते आणि षट्संयुजी क्रोमियमही. हे क्रोमियम माणसात कर्करोग करते हे सिद्ध आहे. वेल्डिंगच्या धुरालाच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत घातले.

या कामात 6200 सोबत 2097 घ्या. चकती पातळ असल्याने ती वेल्डिंग हेल्मेटखाली बहुधा मावते. 7093 चे कवच ठिणग्यांना बरे, पण ते हेल्मेटला अडते का, हे विकत घेण्यापूर्वी हेल्मेट लावून पाहा. हेल्मेटची काच खाली आणताना मास्क अर्धा इंच जरी सरकला तरी सगळे मुसळ केरात. मिलवरच्या वाफेत आणि उकाड्यात घामाने रबर घसरते. म्हणून धुरापासून दूर येऊन चेहरा पुसणे आणि पुन्हा दोन्ही तपासण्या करणे यासाठी वेळ ठेवावाच लागतो. तो वेळ मुकादमाने द्यायचा असतो, वेल्डरने चोरायचा नसतो. चकतीला ठिणगीने भोक पडले की ती तिथेच बाद, चिकटपट्टी लावून चालत नाही.

जीआय पाइपच्या, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपच्या, वेल्डिंगचा त्रास वेगळा. जस्ताच्या धुराने चार ते बारा तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, अंग मोडून येते, आणि एक-दोन दिवसांत सगळे ओसरते. म्हणून तो मलेरिया किंवा फ्लू समजून सोडून दिला जातो. सुटीनंतर पहिल्या दिवशी तो जास्त जाणवतो, ही त्याची खूण. गूळ आणि दूध देण्याची पद्धत सर्वत्र आहे. खाणे म्हणून ते उत्तम, पण फुप्फुसात बसलेला धातू त्याने निघत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर वेल्डिंगआधी काढून टाकणे आणि 2091 लावणे, एवढ्याने हा ताप जवळजवळ टळतो. टिग (आरगॉन वायूच्या) वेल्डिंगला धूर दिसत नाही म्हणून मास्क काढून ठेवतात, तेही चुकीचे. वजनाने धूर कमी असला तरी अतिसूक्ष्म कणांची संख्या तिथे मोठी असते, आणि ॲल्युमिनियम-स्टेनलेसवर ओझोनही तयार होतो.

कार्बाइडची टूल्स धार लावून देणारी छोटी दुकाने या विषयात कुणाच्याच डोळ्यांपुढे नसतात. कार्बाइडच्या टिपेत टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात. ही धूळ दमा आणते आणि काहींच्या फुप्फुसात कायमचा घट्टपणा आणते. कोबाल्ट धातूला 2022 मध्ये संभाव्य कर्करोगकारकांच्या 2-ए गटात टाकले गेले. चाकावर पाण्याची धार सोडत ग्राइंडिंग केले की धूळ कमी होते, हे खरे. पण कोबाल्ट त्या कूलंटमध्ये, म्हणजे थंड ठेवणाऱ्या पाण्यात, विरघळतो आणि चाकावरून उडणाऱ्या तुषारांतून नाकात येतो. म्हणून कूलंट वेळेवर बदला आणि चाकाला झाकण ठेवा. फिल्टर 2091 चालेल, पण तेलाचे तुषार असलेल्या ठिकाणी तो 40 तास वापर किंवा 30 दिवस, यांपैकी जे आधी येईल तेव्हा फेकायचा. कोबाल्ट अंगात किती जातो हे पाहायचे असेल तर आठवड्याच्या शेवटच्या शिफ्टनंतर लघवीची तपासणी करा. छातीचा एक्स-रे सुरुवातीच्या काळात साफ येऊ शकतो, त्यापेक्षा फुंकून करायची स्पायरोमेट्री दरवर्षी केलेली बरी.

गलाई. खानापूर-आटपाडी भागातली माणसे या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, म्हणून हे नीट सांगणे गरजेचे वाटते. मुशीत जुने दागिने वितळतात तेव्हा चांदीबरोबर डागातले, म्हणजे जोडासाठी वापरलेल्या धातूतले, जस्त आणि कॅडमियमही उडते. कॅडमियमचा ताजा धूर एका बैठकीत फुप्फुसात पाणी भरवू शकतो. कण असल्याने तो पी-100 अडवतो, पण गुणांक 10 चा हिशोब विसरू नका. समजा भट्टीपुढच्या हवेत चांदीचे अतिसूक्ष्म कण घनमीटरला 20 मायक्रोग्रॅम आहेत, तर मास्कच्या आत 2 धरायचे. सुचवलेली मर्यादा 0.9 आहे, म्हणजे मास्क लावूनही दुपटीहून जास्त. आणि तेजाबात (नायट्रिक आम्लात) धातू टाकल्यावर उठणारा तपकिरी धूर हा नायट्रोजन डायऑक्साइड वायू आहे. गुलाबी फिल्टर तो अजिबात अडवत नाही. लगेच थोडा खोकला येतो, बरे वाटते, आणि काही तासांनी रात्री दम लागतो. अशा माणसाला झोपू देऊ नका, दवाखान्यात न्या. इथे आधी खर्च करायचा तो भट्टी आणि भांडे दोन्हींवरच्या ओढणाऱ्या हूडवर आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धूर धुणाऱ्या स्क्रबरवर. मास्क नंतर.

बंद टाकीत, बॉयलरच्या ड्रममध्ये, मळीच्या टाकीत फिल्टरचा कोणताच मास्क नको. तो ऑक्सिजन देत नाही. आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साठतात, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर बाहेरून हवा पुरवणारे साधन आणि बाहेर दोरी धरून उभा असलेला माणूस, याशिवाय उतरायचे नाही.

मास्कआधीचा उपाय म्हणून साध्या एक्झॉस्टबद्दल एक माप लक्षात ठेवा. ओढणाऱ्या पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढ्या अंतरावर हवेचा वेग दहाव्या हिश्शावर येतो. सहा इंची पाइप असेल तर त्याचे तोंड जोडापासून सहा इंचांच्या आत आणि बाजूला हवे, डोक्यावर नको. छतातला एक्झॉस्ट पंखा धूर वर ओढतो तो वेल्डरच्या नाकासमोरूनच.

देखभालीत बहुतेक मास्क मरतात. कॉम्प्रेसरच्या हवेने फिल्टर झटकू नका, धुऊ नका, सॅनिटायझर फवारू नका. विद्युतभारित धाग्यांचा भार अल्कोहोलने जातो आणि वरून फिल्टर नवा दिसत राहतो. श्वास घ्यायला जड झाला, ओला झाला, फाटला की बदला. मास्क मात्र फिल्टर काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, बंद पिशवीत ठेवा. मशिनशेजारच्या खिळ्याला लटकवलेल्या मास्कच्या आतच धूळ बसते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या श्वासाला तीच आत जाते. मावा थुंकण्यासाठी मास्क दर दहा मिनिटांनी खाली ओढला तर गुणांक 10 कागदावरच राहतो, वर धातू लागलेल्या बोटांनी मावा तोंडात जातो तो वेगळाच. शेड झाडूने झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा किंवा हेपा फिल्टरचा औद्योगिक व्हॅक्यूम वापरा. ॲल्युमिनियमची बारीक पावडर असेल तर व्हॅक्यूमही स्फोटरोधक लागतो. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला नेऊ नका, घरात मुले असतात.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा टॉवेल यांच्याशी 6200 ची तुलनाच होत नाही, कापडाने नॅनो कण अडतात हा समज सोडून द्या. भारतीय मानक 9473 चा एफएफपी-2 किंवा एन-95 मास्क थोड्या वेळाच्या कामाला आणि पाहुण्यांना ठीक, पण रोज आठ तास धुरात असणाऱ्याला 6200 बराच सोयीचा, कारण रबर चेहऱ्याला धरून बसते आणि कड रोज तपासता येते. उणिवा आहेत: बोललेले नीट ऐकू येत नाही, उन्हाळ्यात चेहरा भिजतो, आणि डोळे उघडेच राहतात. वेल्डिंग, आर्किंग, टूल ग्राइंडिंग यांसाठी घ्या. गलाईसाठी हूड बसवल्यानंतर घ्या.

घेताना मास्कच्या किमतीआधी फिल्टरच्या जोडीची किंमत विचारा, कारण वर्षाचा खरा खर्च तिचा असतो. वेष्टनावर नायॉशचा टी-सी-84-ए ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक आहे का, ते पाहा. नकली माल फिरतो. आणि बिलात सुटे भागही लिहून घ्या: बाहेरचा व्हॉल्व्ह 6889, आतले 6893, फिल्टरखालची वायसर 6895. बाहेरच्या व्हॉल्व्हची पातळ चकती वाकडी झाली किंवा तिच्याखाली केस अडकला की प्रत्येक श्वासाला धूर आत येतो, म्हणून आठवड्यातून एकदा मधले झाकण उघडून ती बोटाने उचलून पाहा.